मुंबईच्या मातांचे दुखणे शोधणाऱ्या डॉ. लूसी विल्स

आपल्या तालुक्यातील कोणत्याही आरोग्य केंद्रात गरोदर स्त्री तपासणीस गेली की तिच्या हातावर लोह आणि फॉलिक ॲसिड यांची एकत्र गोळी ठेवली जाते. लोह म्हणजे काय ते सर्वांना ठाऊक आहे. फॉलिक ॲसिड हे नाव मात्र पुष्कळांनी औषधाच्या पाकिटावरच काय ते वाचलेले असते. हे द्रव्य रोजच्या अन्नात असते आणि ते कमी पडले की शरीराला नवे रक्त घडविता येत नाही, या सत्याचा पहिला धागा सापडला तो मुंबईत, परळच्या हाफकिन संस्थेत. तो शोधून काढणाऱ्या डॉ. लूसी विल्स या इंग्रज विदुषी होत्या. आणि ज्यांच्या दुखण्यातून तो सापडला त्या होत्या मुंबईच्या गरीब वस्तीतील स्त्रिया, त्यांतही प्रामुख्याने मुसलमान घरांतील माता. आपल्या संस्थेच्या स्मरणिकेत या बाईंचे चरित्र यावे याला एवढे कारण पुरेसे आहे.

लूसी विल्स यांचा जन्म १० मे १८८८ रोजी इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमजवळच्या सटन कोल्डफील्ड या गावी झाला. घराणे सुखवस्तू होते. विळे आणि तत्सम धारेची अवजारे बनविण्याचा कुटुंबाचा कारखाना होता आणि घरात शास्त्रीय विषयांची आवड पूर्वीपासून होती. मुलींना गणित आणि विज्ञान शिकविणाऱ्या ज्या थोड्या शाळा त्या वेळी इंग्लंडात होत्या, त्यांपैकी चेल्टनहॅम येथील शाळेत त्यांचे शिक्षण झाले. १९०७ मध्ये त्या केंब्रिजच्या न्यूनहॅम महाविद्यालयात दाखल झाल्या. वनस्पतिशास्त्र आणि भूशास्त्र हे त्यांचे विषय. १९११ मध्ये त्या परीक्षा उत्तीर्ण झाल्या, पण पदवी मात्र मिळाली नाही. कारण केंब्रिज विद्यापीठ त्या काळी स्त्रियांना परीक्षेस बसू देत असे, पदवी देत नसे! ही अट तेथे १९४८ पर्यंत टिकली. मुलींच्या शिक्षणात फक्त आपणच मागे होतो असे समजणाऱ्यांनी ही तारीख ध्यानात ठेवावी.

त्याच वर्षी वडील वारले, दोन वर्षांनी बहीण गेली. पुढची दोन-तीन वर्षे विल्सबाईंच्या आयुष्याला ठराविक अशी दिशा नव्हती. आईबरोबर सिंहलद्वीपाचा प्रवास झाला, नंतर भावाबरोबर दक्षिण आफ्रिकेचा. पहिले महायुद्ध सुरू झाले तेव्हा त्या तिकडेच होत्या आणि केपटाऊनमध्ये त्यांनी काही आठवडे स्वयंसेविका म्हणून रुग्णांची शुश्रूषा केली. तेथून परतल्यावर १९१५ मध्ये लंडनच्या स्त्रियांसाठी असलेल्या वैद्यकीय विद्यालयात त्यांनी नाव घातले. वय पंचविशी उलटलेले. सोबतच्या काही मुली कितीतरी लहान असतील. १९२० मध्ये, बत्तिसाव्या वर्षी, त्या डॉक्टर झाल्या. दवाखाना न थाटता त्यांनी लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयातील रोगनिदान प्रयोगशाळेत काम धरले. गरोदरपणात शरीरात होणारे रासायनिक बदल हा तेथे त्यांच्या अभ्यासाचा विषय होता.

मुंबईशी त्यांचा संबंध आला तो १९२८ मध्ये. डॉ. मार्गारेट बालफर या हिंदुस्थानात स्त्रियांच्या वैद्यकीय सेवेत अनेक वर्षे काम केलेल्या बाई. बाळंतपणात दगावणाऱ्या स्त्रियांच्या संख्येने त्या अस्वस्थ झालेल्या होत्या. इंडियन रिसर्च फंड असोसिएशनने मातांच्या मृत्यूंची चौकशी हाती घेतली होती आणि त्या कामी बालफरबाईंनी विल्स यांना पाचारण केले. कामाचे ठिकाण हाफकिन संस्था. परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये १८९९ साली प्लेगच्या संशोधनासाठी आलेली ही प्रयोगशाळा १९२५ पासून हाफकिन यांच्या नावाने ओळखली जात होती. पुढे या कामास लेडी टाटा स्मारक न्यासाचेही साहाय्य झाले.

ज्या दुखण्याचा छडा लावावयाचा होता ते असे. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत स्त्री पांढरीफटक पडे, पायांवर सूज येई, दम लागे, अन्नावरची वासना जाई. पुष्कळदा मूल अपुऱ्या दिवसांचे होई आणि कित्येकदा आईही जाई. घरातली वडीलधारी माणसे याला नजर लागली म्हणत, कुणी नशीब म्हणत. त्या काळी हर्णैच्या बंदरातून बोटीने मुंबईला जाऊन डोंगरी-भेंडीबाजाराकडे बिऱ्हाड केलेली कोकणी कुटुंबे कमी नव्हती, हे आपल्याकडील जुन्या माणसांना सांगायला नको. त्या चाळींत असे मृत्यू कुणाला नवे नव्हते.

सूक्ष्मदर्शकाखाली या स्त्रियांचे रक्त पाहिले की एक विचित्र गोष्ट दिसे. तांबड्या पेशी संख्येने थोड्या, पण आकाराने नेहमीपेक्षा मोठ्या. लोहाच्या कमतरतेत नेमके उलट होते. पेशी लहान आणि फिक्या होतात. म्हणजे हा पांडुरोग लोहाच्या उणिवेचा नव्हता. त्या वेळी पर्निशस ॲनिमिया नावाचा एक प्राणघातक रोग माहीत होता आणि त्यात अशाच मोठ्या पेशी दिसत. म्हणून या दुखण्याला गरोदरपणातील पर्निशस ॲनिमिया असे नाव पडले होते. परंतु तो खरा पर्निशस रोग नव्हे, असे विल्सबाईंच्या लौकरच ध्यानात आले.

पेशी मोठ्या का होतात हे येथेच सांगितले तर पुढचे समजण्यास सोपे जाईल. आपले शरीर बांधून पुरे झालेल्या घरासारखे नसते. त्याची दुरुस्ती रोज चालू असते. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. मेलेल्या पेशींची जागा भरून काढण्यासाठी हाडांतील मगज दर सेकंदाला सुमारे वीस लाख नव्या पेशी घडवितो. नवी पेशी घडवायची म्हणजे जुन्या पेशीचे दोन भाग व्हायचे, आणि त्याआधी तिच्या केंद्रातील आनुवंशिक द्रव्याची दुसरी प्रत तयार व्हायची. त्या प्रतीसाठी लागणारा एक आवश्यक घटक फॉलिक ॲसिडावाचून बनत नाही. तो मिळाला नाही की पेशी वाढते, फुगते, पण विभागत नाही. म्हणून पेशी थोड्या आणि मोठ्या. गरोदर स्त्रीच्या पोटात तर दुसरे शरीर शून्यातून उभे राहत असते. अन्नातील तूट सर्वांत आधी तिच्या रक्तात दिसावी यात नवल नाही. अर्थात हे सगळे आज आपल्याला माहीत आहे. १९२८ मध्ये फॉलिक ॲसिड हे नावच जन्माला आलेले नव्हते.

अन्नाने रक्त पुन्हा भरून येते, एवढे मात्र माहीत झाले होते. अमेरिकेत व्हिपल या शास्त्रज्ञाने कुत्र्यांचे रक्त मुद्दाम कमी करून त्यांना निरनिराळे पदार्थ खाऊ घातले आणि कलेजीने रक्त सर्वांत लवकर भरून येते असे दाखविले. त्या आधारे मायनॉट आणि मर्फी यांनी १९२६ मध्ये पर्निशस रोग्यांना भरपूर कलेजी देऊन वाचविले. या तिघांना १९३४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. गंमत अशी की कुत्र्यांना कलेजीतील लोहाचा गुण आला होता आणि माणसांना तिच्यातील अगदी वेगळ्या द्रव्याचा. जनावरावर दिसलेला गुण माणसात त्याच कारणाने दिसेल असे धरून चालू नये, याचे हे बोलके उदाहरण होय.

विल्सबाईंनी सुरुवात केली ती घरांपासून. डॉ. मेहता आणि श्रीमती तळपदे यांच्यासह त्यांनी रुग्णांची तपासणी केली आणि मुंबईतील वेगवेगळ्या थरांतील स्त्रियांचे खाणे-पिणे व राहणी यांची पाहणी केली. १९३० मध्ये त्याविषयीचे निबंध छापून आले. कोण काय खाते आणि कोण आजारी पडते यांचा सरळ संबंध त्यांत दिसत होता. ज्यांचा आहार सर्वांत निकस, त्या गरीब मुसलमान स्त्रियांत हे दुखणे सर्वांत अधिक. ही गोष्ट वाचताना मनाला लागते, आणि लागावी. पण एक ध्यानात घ्यावे : दोष धर्माचा नव्हता, जातीचा नव्हता, रक्ताचाही नव्हता. दोष ताटाचा होता, आणि ताट गरिबीचे होते.

पाहणीने संशय येतो. पुरावा मिळत नाही. त्यासाठी १९२९ च्या एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत विल्सबाई निलगिरीतील कुन्नूर येथे जाऊन राहिल्या. तेथील पाश्चर संस्थेत मॅकॅरिसन यांची आहार-संशोधनाची प्रयोगशाळा होती. त्यांनी पांढऱ्या उंदरांना तोच आहार दिला जो मुंबईतील मुसलमान स्त्रिया घेत असत. उंदरांच्या अंगातील रक्त कमी झाले. गाभण माद्या पिले होण्यापूर्वीच मेल्या. ज्या उंदरांच्या खाद्यात ब जीवनसत्त्व नव्हते त्यांना थोडे यीस्ट, म्हणजे खमीर, दिले तर हा आजार टळत असे.

येथे एखाद्याने विजयाची दवंडी पिटली असती. पण या प्रयोगात एक खोट निघाली. उंदरांच्या अंगावरच्या उवांतून बार्टोनेला नावाचे जंतू पसरतात आणि तेही रक्त नासवितात. काही उंदरांचा पांडुरोग आहाराने आला की या जंतूंनी, हे खात्रीने सांगता येईना. तेव्हा उंदरांचा पुरावा कच्चा ठरला आणि पुढील प्रयोग माकडांवर करण्यात आले. आहारविषयक संशोधनात कोणता प्राणी निवडावा हा प्रश्न फार महत्त्वाचा असतो. क जीवनसत्त्वाचेच पाहा. उंदीर ते आपल्या शरीरात तयार करतो, म्हणून त्याला ते अन्नातून न मिळाल्याने स्कर्व्ही होत नाही. माणसाला होतो आणि गिनीपिगलाही होतो. त्यात जखमा भरून येत नाहीत, हिरड्यांतून रक्त येते. नॉर्वेतील होल्स्ट आणि फ्रोलिक यांनी १९०७ मध्ये गिनीपिग घेतला म्हणून तो प्रश्न सुटला. उंदीर घेतला असता तर वर्षे वाया गेली असती. हल्ली अँटीऑक्सिडंट या नावाने विकल्या जाणाऱ्या डब्यांच्या जाहिरातींत उंदरांवरच्या प्रयोगांचा मोठा डांगोरा पिटला जातो. तो ऐकताना कुन्नूरच्या उवांची आठवण ठेवलेली बरी.

उंदरांचा पुरावा अपुरा असला तरी यीस्टचा सुगावा सोडून देण्यासारखा नव्हता. यीस्टचा अर्क मार्माइट या नावाने बाजारात स्वस्त मिळत असे. कलेजी महाग, तिचा शुद्ध अर्क त्याहून महाग. गरिबाच्या घरी रोज कोण आणणार? विल्सबाईंनी मुंबईच्या रुग्ण स्त्रियांना हा अर्क दिला. चार दिवसांच्या आत रक्तात कोवळ्या तांबड्या पेशी दिसू लागल्या, म्हणजे मगज पुन्हा कामाला लागला. तोंडाला चव आली, भूक लागली, अंगात तरतरी आली. २० जून १९३१ च्या ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये हा वृत्तांत प्रसिद्ध झाला. त्याच वर्षाच्या आरंभी त्या मद्रासच्या कास्ट अँड गोशा रुग्णालयातही काम करून आल्या होत्या. पडद्यातील स्त्रियांना बिनदिक्कत जाता यावे म्हणून ते रुग्णालय निघाले होते आणि नावातच त्याची खूण होती. बाईमाणसाला बाई डॉक्टर मिळाली नाही तर तपासणीच टळते, ही अडचण आपल्या भागातही कालपरवापर्यंत होतीच.

एका आजारी माकडाला निरुपायाने मार्माइट चारले, ते ताडकन उठून बसले आणि त्यातून शोध लागला, अशी एक कथा रंगवून सांगितली जाते. छापील निबंधांचा क्रम पाहिला तर स्त्रियांवरील उपचाराचा निबंध १९३१ चा आहे, आणि आहाराने माकडांत असाच पांडुरोग निर्माण केल्याचा, बिलिमोरिया यांच्यासह लिहिलेला निबंध १९३२ चा. माकडांनी शोध पक्का केला, एवढे म्हणणे अधिक योग्य होईल.

मार्माइट हे बिअर तयार केल्यावर उरणाऱ्या यीस्टपासून बनते, हे वाचून काही वाचक थबकतील. त्याबाबतचा निर्णय देणे आमचे काम नाही. ते जाणत्या आलिमांना विचारावे. वैद्यकाच्या दृष्टीने मुद्दा इतकाच की तो गुण यीस्टपुरता नव्हता. तो कलेजीत होता आणि, पुढे कळले त्याप्रमाणे, हिरव्या पाल्यात भरपूर होता.

विल्सबाईंची खरी सूक्ष्म दृष्टी पुढच्या पायरीवर दिसते. खऱ्या पर्निशस रोगावर हमखास चालणारा कलेजीचा शुद्ध केलेला अर्क या स्त्रियांना आणि माकडांना लागू पडेना. कच्चा, न गाळलेला अर्क मात्र लागू पडे. याचा अर्थ कलेजीत रक्त घडविणारी दोन निराळी द्रव्ये आहेत आणि शुद्ध करताना त्यांतले एक निघून जाते. १९३७ मध्ये क्लटरबक आणि इव्हान्स यांच्यासह त्यांनी हे मांडले. जगाने त्या अनोळखी द्रव्याला विल्स फॅक्टर म्हटले. दुसरे द्रव्य म्हणजे ब-१२. ते वेगळे काढले गेले १९४८ मध्ये.

विल्स फॅक्टरला नाव मिळाले १९४१ मध्ये. अमेरिकेत मिचेल, स्नेल आणि विल्यम्स यांनी सुमारे चार टन पालकातून ते द्रव्य चिमूटभर वेगळे काढले आणि पानाला लॅटिनमध्ये असलेल्या शब्दावरून त्याला फॉलिक ॲसिड म्हटले. १९४५ मध्ये लेडर्ले कंपनीच्या प्रयोगशाळेत ते कृत्रिमरीत्या तयार झाले. त्या प्रयोगशाळेच्या संशोधनाचे सूत्रधार होते आंध्रातील भीमावरमचे डॉ. येल्लाप्रगडा सुब्बराव. मुंबईत सुरू झालेले काम एका भारतीयाच्या देखरेखीखाली पुरे व्हावे हा चांगला योग होता.

विल्सबाई १९३३ मध्ये लंडनला परतल्या होत्या. १९३७ च्या अखेरीस त्या पुन्हा दहा आठवड्यांसाठी हाफकिनमध्ये आल्या, त्या साउदॅम्प्टनहून समुद्रावर उतरणाऱ्या विमानाने. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी लंडनमध्येच रोगनिदानाचे काम केले. १९४४ च्या जुलैत रॉयल फ्री रुग्णालयावर उडता बाँब पडला आणि काही दिवस काम विस्कळीत झाले. युद्ध संपेतो त्या तेथील रोगनिदान विभागाच्या प्रमुख झाल्या होत्या आणि रक्तविकारांचा स्वतंत्र विभागही त्यांनी सुरू केला. १९४७ मध्ये निवृत्त झाल्या, पण घरी बसल्या नाहीत. जमैका, फिजी आणि दक्षिण आफ्रिका येथे जाऊन पांडुरोग आणि आहार यांची पाहणी केली. शेवटची दहा वर्षे त्या मजूर पक्षातर्फे लंडनच्या चेल्सी नगरपरिषदेच्या सभासद होत्या. लग्न केले नाही. डोंगर चढणे, बर्फावर घसरणे आणि सायकल यांचा त्यांना शौक होता. १६ एप्रिल १९६४ रोजी, शहात्तराव्या वर्षात त्यांचे निधन झाले.

आता आपल्या स्वयंपाकघराबद्दल थोडे. पालक, माठ, चवळीचा पाला, शेवग्याचा पाला, मूग, मसूर, हरभरा यांत निसर्गतः असलेले फॉलिक ॲसिडाचे रूप फार नाजूक असते. उष्णतेने आणि हवेतील प्राणवायूने, म्हणजे ऑक्सिडीकरणाने, ते नासते. पाण्यात विरघळून निघूनही जाते. सकाळी चिरून ठेवलेली, दुपारी तासभर उकळलेली आणि पाणी ओतून दिलेली भाजी पोट भरते, पण रक्ताच्या उपयोगाची थोडीच राहते. क जीवनसत्त्व हे ऑक्सिडीकरणाला अडविणारे द्रव्य आहे आणि ते या नाजूक द्रव्याचे रक्षण करते. म्हणून भाजी ऐनवेळी चिरावी, थोड्या पाण्यात, झाकण ठेवून लवकर शिजवावी आणि वरून लिंबू पिळावे. आवळा आणि पेरू यांना आपल्याकडे तोटा नाही. लिंबाने भाजीतील लोहही अंगी अधिक लागते. जेवणाबरोबर चहा घेतल्यास उलट होते. चहा तासाभराने घ्यावा.

एक सावधगिरीही सांगितली पाहिजे. ब-१२ च्या अभावी आलेल्या पांडुरोगात नुसते फॉलिक ॲसिड घेतले तर रक्त सुधारल्यासारखे दिसते आणि आत मज्जातंतूंची हानी चालूच राहते. हातापायांना मुंग्या येत असतील तर मनाने गोळ्या घेऊ नयेत, डॉक्टरांना दाखवावे.

विल्सबाईंच्या मृत्यूनंतर सत्तावीस वर्षांनी, १९९१ मध्ये, ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने सात देशांतील स्त्रियांवर केलेल्या प्रयोगाचा निष्कर्ष जाहीर केला. ज्यांना आधी पाठीच्या कण्याचा जन्मजात दोष असलेले मूल झाले होते, त्यांनी पुढचे गरोदरपण येण्यापूर्वीपासून फॉलिक ॲसिड घेतले तर दहापैकी सुमारे सात वेळा तो दोष टळतो, असे दिसून आले. बाळाच्या मेंदूची आणि कण्याची नळी पहिल्या चार आठवड्यांतच मिटते. तोवर पुष्कळ स्त्रियांना आपण गरोदर आहोत हेही कळलेले नसते. म्हणजे दिवस गेल्यावर आरोग्य केंद्रात मिळणारी गोळी रक्तासाठी वेळेवर पोचते, या कामासाठी मात्र उशिरा पोचते.

२०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रियांना पांडुरोग आढळला. त्यातला मोठा भाग लोहाच्या उणिवेचा, पण फॉलिक ॲसिड आणि ब-१२ यांचाही वाटा त्यात आहे. १० ते १९ वर्षे वयाच्या मुलामुलींना शाळेतून आठवड्याला एक निळी गोळी दिली जाते ती याचसाठी. तीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असते. काही मुली मळमळते म्हणून ती दप्तरात टाकतात किंवा खिडकीतून फेकतात, आणि काही आयांना ती कुटुंबनियोजनाची गोळी वाटते. तसे तीत काही नाही. उपाशीपोटी न घेता जेवणानंतर घेतली तर मळमळ बहुधा होत नाही. शौच काळी झाली तर घाबरू नये, ते लोहामुळे होते.